आमरीचें झाड आणि घरचा कुत्रा

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी मधल्या सुटींत माझ्याकडे आला व मोठ्या चिंतेनें म्हणाला, "सर, ऑर्किडचीं फुलें खाऊन कुत्रा मरतो काय?" चौकशी करतां कळलें तें असें. त्याच्या आत्यानें मुंबईहून येतांना जांभळ्या फुलांचें एक ऑर्किड कुंडीसह भेट म्हणून आणलें होतें. तें ओटीवर ठेवलें असतां घरच्या सहा महिन्यांच्या मोतीनें त्याचीं दोन फुलें व एक अर्धें पान चावून खाल्लें. आजीनें तें पाहिलें मात्र, आणि घरांत एकच गोंधळ उडाला. परदेशीं झाड, त्यांत काय विष असेल कोण जाणे! एक तर झाड घराबाहेर जाईल, नाहीं तर कुत्रा, असा निकाल आजीनें दिला. नणंदेस वाईट वाटेल म्हणून आई झाड टाकूं देईना, आणि मुलगा तर मोतीस सोडण्यास मुळींच तयार नव्हता.

मीं त्यास तेथल्या तेथें सांगितलें कीं, भिऊं नकोस, तेवढ्या फुलांनीं तुझा मोती मरणार नाहीं. तोंच घंटा झाली व उत्तराचा उरलेला अर्धा भाग सांगावयाचा राहून गेला. तो भाग पहिल्याहून अधिक महत्त्वाचा आहे, आणि एकट्या त्या मुलाच्याच घरीं उपयोगी पडणारा आहे असेंही नाहीं. म्हणून तो येथें विस्तारानें लिहितों.

प्रथम हें झाड कोणतें तें पाहूं. इंग्रजींत ज्यास ऑर्किड म्हणतात त्या कुलास आपण आमरी म्हणतों. फुलझाडांच्या सर्वांत मोठ्या दोन कुलांपैकीं हें एक असून यांत सुमारें २८,००० जाती गणल्या आहेत. रत्नागिरीच्या मुलांस हें कूळ परकें वाटण्याचें कारण नाहीं. ज्येष्ठ महिन्यांत आंबा घाटाच्या बाजूस जो जाईल, त्यास जुन्या वृक्षांच्या फांद्यांवरून लोंबणारे फिक्कट गुलाबी फुलांचे लांब घोस दिसतील. त्यांसच आपले लोक सीतेची वेणी म्हणतात. हेंच फूल आसामांतील मुली बिहूच्या नृत्याच्या वेळीं केसांत माळतात, व तें त्या राज्याचें राज्यपुष्प आहे. मुंबईच्या दुकानांतून जें भेटीसाठीं विकत मिळतें तें मात्र बहुधा फॅलेनॉप्सिस नांवाचें असतें. ब्लूम नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें हें नांव १८२५ सालीं दिलें. त्याचा अर्थ 'पतंगासारखें दिसणारें' असा आहे, आणि फूल पाहिल्यावर तो अर्थ कोणासही पटेल. अलीकडे गडद निळ्या रंगाचीं फॅलेनॉप्सिस विकावयास येतात. तो रंग झाडाचा नव्हे. पांढऱ्या फुलाच्या दांड्यांत रंगाचें पाणी सोडून तो आणलेला असतो, व पुढील बहर पांढराच येतो. असो.

ज्यांच्या घरीं हापुसाच्या बागा आहेत, त्यांच्याकडे आमरीवर एक जुना आळ घेतला जातो. तो असा कीं, ती बांडगुळाप्रमाणें झाडाचा रस शोषून घेते. बांडगूळ आपलीं मुळें आंब्याच्या फांदीच्या आंत घुसवितें व तेथील पाण्यावर पोसतें, हें खरें. आमरी तसें कांहीं करीत नाहीं. ती सालीस केवळ धरून राहते. तिच्या मुळांवर स्पंजासारखें पांढरट आवरण असतें. त्यानें ती पावसाचें व दंवाचें पाणी टिपून घेते, आणि सालीच्या खांचांतून सांठलेल्या पालापाचोळ्याच्या मातीवर निर्वाह करते. वर्षांत ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस जेथें पडतो, तेथें तिला आणखी काय पाहिजे? बांडगूळ काढतांना आमरीही ओरबाडून फेकणारे बागवान मीं पुष्कळ पाहिले आहेत. निरपराध्यास शिक्षा देण्याची ही पहिली गोष्ट. दुसरी पुढें येणारच आहे.

आतां विषाचा प्रश्न. या कुलाशीं मनुष्याच्या पोटाचा परिचय फार जुना आहे. वैद्यांच्या दुकानीं मिळणारी सालममिश्री ही आमरीच्याच कुलांतील वनस्पतींच्या कंदांपासून होते, आणि ती शक्तीसाठीं दुधांतून घेण्याची चाल आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळेपासून आहे. आपल्या राज्यांतील रानांत राहणारे लोक अमरकंद खणून आणतात, तोही याच कुलांतला. आणि आइस्क्रीम खाणाऱ्या मुलांस हें ऐकून आश्चर्य वाटेल कीं, व्हॅनिला ही एका आमरीच्या वेलाची शेंग आहे. त्या वेलाच्या फुलांचा हातानें फलसंयोग करण्याची सोपी युक्ति १८४१ सालीं रियुनियन बेटावर एडमंड नांवाच्या एका गुलाम मुलानें शोधून काढली. त्याचें वय त्या वेळीं अवघें १२ वर्षांचें होतें. आजही जगांतील व्हॅनिलाचे मळे त्याच युक्तीवर चालतात.

परंतु मनुष्यास चालतें तें कुत्र्यास चालेलच असें समजणें ही मोठी चूक होय. मनुका आपण आजाऱ्यास देतों. त्याच मनुका व द्राक्षें खाऊन कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होतात. कांदा व लसूण यांनीं त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. चॉकोलेट त्याच्या हृदयास सोसत नाहीं. द्राक्षांतील दोष बहुधा टार्टरिक आम्लाचा असावा असें अलीकडे पशुवैद्यांचें मत बनलें असून, तेंच आम्ल आपल्या चिंचेंतही भरपूर असतें; चिंच खाऊन कुत्र्यांचीं मूत्रपिंडें बिघडल्याचीं उदाहरणें २०२२ सालीं प्रसिद्ध झालीं आहेत. तेव्हां आपण सालममिश्री पचवितों एवढ्यावरून मोतीविषयीं निश्चिंत होतां येत नाहीं. कुत्र्याचाच पुरावा पाहिजे.

तो पुरावा आहे. अमेरिकेंत प्राण्यांवरील क्रूरतेस आळा घालण्यासाठीं १८६६ सालीं न्यूयॉर्क येथें एक संस्था स्थापन झाली. विष पोटांत गेलेल्या जनावरांविषयीं सल्ला देण्याकरितां तिनें एक स्वतंत्र केंद्र चालविलें आहे, आणि तेथें येणाऱ्या अनुभवावरून कोणतें झाड कोणत्या प्राण्यास बाधतें याची यादी ठेविली आहे. त्या यादींत फॅलेनॉप्सिस हें कुत्र्यास, मांजरास व घोड्यास निर्विष म्हणून नोंदलेलें आहे. त्याचीं फुलें वा पानें खाल्ल्यास फार तर एखादी ओकारी होते किंवा शौचास पातळ होतें, आणि तेंही पालेभाजी न पचणाऱ्या मांसाहारी पोटाचा तो स्वभाव म्हणून. गवत खाऊन ओकणारा कुत्रा कोणीं पाहिला नाहीं?

२८,००० जातींच्या कुलास मात्र एकाच वाक्यांत निर्दोष ठरवितां येणार नाहीं. डेंड्रोबियम नोबिली नांवाच्या जातीचीं खोडें चिनी वैद्यकांत औषध म्हणून वापरतात. त्यांत डेंड्रोबिन नांवाचें एक द्रव्य असून तें मोठ्या मात्रेंत प्रयोगांतील प्राण्यांस झटके आणतें. व्हॅनिलाच्या वेलाचा चीक अंगास लागला तर खाज सुटते. याचा अर्थ इतकाच कीं, फॅलेनॉप्सिसचीं दोन फुलें खाल्लीं तर हंसून सोडून द्यावें. पण कुत्र्यास रोज उठून कुंडींतील झाड फस्त करूं द्यावें, असें मी म्हणणार नाहीं.

येथपर्यंत पहिला अर्धा भाग झाला. आतां दुसरा, आणि तो सांगतांना मला स्वतःच्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगण्यास मन फारसें घेत नाहीं.

मी सहावींत असतांना आमच्याकडे वाघ्या नांवाचा तांबूस रंगाचा कुत्रा होता. आमच्या आगरांतील आंब्याच्या बुंध्यावर आईनें सीतेची वेणी बांधली होती. घाटांतील एक जुना वृक्ष वादळांत पडला तेव्हां त्याच्या फांदीसह वडिलांनीं ती आणली होती, आणि आईचा तिच्यावर फार जीव होता. त्या वर्षीं मृग नक्षत्रांत तिला तीन घोस आले. एके सकाळीं त्यांतील एक घोस गळून खालीं पडलेला आणि वाघ्यानें तो चघळलेला आढळला. दुसऱ्या दिवशीं वाघ्या खाईना. संध्याकाळीं त्यास ओकाऱ्या सुरू झाल्या, रात्रीं रक्ताचे जुलाब झाले, आणि तिसऱ्या दिवशीं उजाडण्यापूर्वीं तो गेला. पशुवैद्याकडे न्यावयाचें तर नदीस पूर आलेला, व तरी बंद. आजोबांनीं त्याच दिवशीं ती वेणी बुंध्यावरून उपटून खाडींत टाकविली. आई कांहीं बोलली नाहीं. आम्हां मुलांसही तें योग्यच वाटलें. फूल खाल्लें आणि कुत्रा मेला, याहून उघड पुरावा तो काय पाहिजे?

पुढल्या वर्षीं दुसरा कुत्रा आणला. आमरी आतां घरांत नव्हती, म्हणून आम्ही निर्धास्त होतों. मृगांतच तोही आजारी पडला. तशाच ओकाऱ्या, तसेंच रक्त. या वेळीं वाट मोकळी होती. वडिलांनीं त्यास पोत्यांत गुंडाळून पशुवैद्याकडे नेलें. पशुवैद्यांनीं विचारलें, "माडांना खत घातलें काय?" घातलें होतें. दर वर्षीं पावसाच्या तोंडावर माडांच्या आळ्यांत एरंडीची पेंड व हाडांचा चुरा घालण्याची आमच्याकडे वहिवाट होती, आणि त्याचें उघडें पोतें पडवींत असे. हाडांच्या वासावर कुत्रा पोत्याकडे जाई आणि चुऱ्याबरोबर पेंडही खाई. तो कुत्रा पंधरा दिवस सलाइनवर राहून वांचला. परंतु वाघ्या कशानें गेला तें आम्हांस त्या दिवशीं कळलें. खरा अपराधी ओळखला असता तर दुसऱ्यावर तो प्रसंग आलाच नसता. आम्हीं झाडास शिक्षा केली व पोतें होतें तेथेंच ठेविलें.

एरंडेल मुलांस पाजतात, मग पेंड विषारी कशी, असें कोणी विचारील. एरंडीच्या बियांत रायसिन नांवाचें एक भयंकर विष असतें. तें पाण्यांत विरघळतें, तेलांत विरघळत नाहीं. बी घाण्यांत पिळलें म्हणजे तेल विषावांचून निघून येतें आणि विष मागें पेंडींत राहतें. चांगली उष्णता दिली तर तें नष्ट होतें, परंतु खतासाठीं विकली जाणारी पेंड तशी भाजलेली असेलच याचा भरंवसा नाहीं. हें विष पेशींतील प्रथिनें तयार होण्याचें कामच थांबवितें. त्याचीं लक्षणें कांहीं तासांनीं, कधीं दिवसा-दोन दिवसांनीं दिसूं लागतात. आणि म्हणूनच आदल्या दिवशीं खाल्लेल्या भलत्याच पदार्थावर दोष जातो. त्यावर उतारा नाहीं. पशुवैद्य फक्त शरीरास धीर देऊन वाट पाहूं शकतो.

तात्पर्य, आमरीची कुंडी घरीं आली म्हणजे झाडाकडे न पाहतां झाडाभोंवतीं काय आहे तें पाहावें. आमरीस पेंड, हाडांचा चुरा वा मासळीचें खत कधींच घालूं नये. तिला त्यांचा उपयोग नाहीं, उलट तिचीं मुळें कुजतात. कुंडींत माती नसून सालीचे तुकडे, कोळसा व नारळाच्या सोडणाचे तुकडे असतात. सोडणाचा तुकडा पिलास चघळावयास फार आवडतो, विशेषतः दांत बदलण्याच्या, म्हणजे चार ते सहा महिन्यांच्या वयांत. तो गिळला गेला तर आंतड्यांत अडकतो. पुन्हां पुन्हां ओकारी, शौच बंद, पोट दुखरें, अशीं लक्षणें दिसलीं तर तें विष नसून अडथळा असण्याचा संभव असतो, व कधीं शस्त्रक्रिया करावी लागते. फुलाचा दांडा उभा ठेवण्यासाठीं जी तार व चिमटे लावलेले असतात, ते पहिल्याच दिवशीं काढून त्यांच्या जागीं सुती दोरा बांधावा.

औषधांची गोष्ट याहून कठीण. कीड मारण्यास मॅलेथिऑनसारखें औषध फवारलें असेल तर कुत्र्याच्या तोंडास लाळेची धार लागते, डोळ्यांतून पाणी येतें, बाहुल्या बारीक होतात, अंग थरथरतें. गोगलगाईंसाठीं मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकतात. त्यांत कोंडा घातलेला असतो म्हणून कुत्रीं त्या खाऊ समजून खातात, आणि त्यांस झटके येतात. फोरेट नांवाच्या दाणेदार औषधावर आपल्या देशांत ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, परंतु जुन्या घरांच्या माळ्यांवर त्याचे डबे असूं शकतात. पालकांनीं एकदां माळा पाहावा. विकत आणलेल्या ऑर्किडवर दुकानदारानें काय फवारलें हें कळण्यास मार्ग नसतो. यास्तव पानें ओल्या फडक्यानें पुसून घ्यावींत व आठ दिवस झाड कुत्र्यापासून दूर ठेवावें.

आणि घराच्या शोभेसाठीं झाडें लावावयाचीं असतील तर भिण्यासारखीं झाडें दुसरींच आहेत. आपल्या परसांत कण्हेर व पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, हीं असतात. दोन्ही हृदय बंद पाडणारीं. बंगल्यांच्या दारांत डौलानें ठेवलेलें सायकस कुत्र्याचें यकृत नासवितें, व त्याच्या बिया सर्वांत वाईट. पानफुटी, धोत्रा, कळलावीचा कंद, गुंजेची बी हीं तर सर्वांस ठाऊक आहेत. मनीप्लांट व डिफेनबाखिया यांच्या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. त्यांनीं तोंड सुजतें, पण प्राण सहसा जात नाहीं. अळूची भाजी नीट शिजली नाहीं तर आपला घसा खाजतो, तो याच स्फटिकांनीं. आपल्या जिल्ह्यांतील रानांत काजऱ्याचीं झाडें पुष्कळ आहेत. त्याच्या बटणासारख्या चपट्या बियांतील स्ट्रिक्निन पूर्वीं कुत्रीं मारण्याकरितांच वापरीत असत, यावरून काय तें समजावें. गंमत अशी कीं, हीं सारीं आपलीं ओळखीचीं झाडें. त्यांस कोणी भीत नाहीं, आणि संशय येतो तो आत्यानें आणलेल्या पाहुण्यावर!

कुत्र्यानें कांहीं भलतें खाल्लें असें वाटलें तर काय करावें? त्याच्या तोंडांतील उरलासुरला भाग बोटानें काढावा. खाल्लेल्या वस्तूचा नमुना, मग तें पान असो, औषधाचा डबा असो वा पेंडीची मूठ असो, बरोबर घ्यावा, किती वाजतां खाल्लें तें लिहून ठेवावें, आणि सरळ पशुवैद्य गांठावा. कांहीं घरीं ओकारीसाठीं मिठाचें पाणी पाजतात. फार मीठ हेंच कुत्र्यास विष आहे. कांहीं घरीं चिंचेचा कोळ पाजतात. चिंचेविषयीं वर सांगितलेंच आहे. दूध पाजूनही विष उतरत नाहीं. पशुवैद्यानें सांगितल्यावांचून ओकारी काढवूं नये, कारण कांहीं पदार्थ वर येतांना अधिक इजा करतात.

हें सर्व त्या विद्यार्थ्यास सांगण्यासाठीं मी त्याच आठवड्यांत त्याच्या घरीं गेलों. मोती दारांतच उड्या मारीत होता. फुलें खाऊन त्यास साधी ओकारीही झाली नव्हती. ऑर्किडची कुंडी आजींनीं न्हाणीघराच्या मागें नेऊन ठेविली होती. ती परत आणून ओटीच्या वाशास, पूर्वेकडील बाजूस, कुत्र्याच्या उडीच्या वर टांगण्याचें ठरलें. आजींना तें पटण्यास चहाचे दोन पेले लागले. निघतांना अंगणाच्या कडेस माझी नजर गेली. तेथें देवाच्या फुलांसाठीं लावलेलें बिट्टीचें जुनें झाड होतें, त्याखालीं हिरव्या फळांचा सडा पडला होता, आणि मोती त्यांतलेंच एक फळ दोन पंजांत धरून चेंडूसारखें खेळवीत होता.

मीं तें काढून घेतलें व आजींना दाखविलें. त्या कांहीं वेळ बोलल्याच नाहींत. मग म्हणाल्या, "हें माझ्या सासूबाईंनीं लावलेलें. चाळीस वर्षें मी याचीं फुलें देवास वाहतें." झाड तोडूं दिलें नाहींच. मात्र रोज सकाळीं सडासंमार्जनापूर्वीं बिट्टीखालचें एकूण एक फळ त्या स्वतः वेंचून मातींत खोल पुरतात, आणि बुंध्याभोंवतीं नातवाकडून त्यांनीं कमरेइतकें बांबूचें कुंपण घालून घेतलें आहे. ऑर्किडला मार्गशीर्षांत नवा दांडा फुटला, असें तो मुलगा परवां सांगत होता.